बारा वर्षं वाहिलं म्हणून वावर नावावर होत नाही

“परगावच्या मानसाले वावर देऊ नका, बारा वर्सं वाह्यलं का त्याच्या नावावर होते,” असं विदर्भात आजही ठासून सांगतात. हे खरं नाही.

बारा वर्षांचा आकडा 1963 च्या मुदत कायद्यातला. तो मालकाचा हक्क झुगारून उघड ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. बटईवाला, म्हणजे पिकाच्या हिस्स्यावर दुसऱ्याचं वावर करणारा, मालकाच्या परवानगीनं वाहतो, हिस्सा देतो; असा ताबा कितीही वर्षं चालला तरी त्यातून मालकी मिळत नाही. भीती आली ती बहुधा कूळ कायद्यातून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्काच्या कायद्यातून. विदर्भाचा कायदा 1958 चा, त्यानुसार 1 एप्रिल 1961 ला पात्र कुळांकडे मालकी गेली. पण तो विषयच वेगळा, आणि कूळ कोण हे तहसीलदार ठरवतो, पारावरच्या गप्पा नव्हे.

मार खातो तो भूमिहीन बटईदार. नवखा असला तर जास्तच. कागद नाही, दरसाल वावर बदल. अतिवृष्टीत बोंडं सडली की पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावानं, मदत मालकाच्या खात्यात. बी-खताची उधारी मात्र याच्या डोक्यावर. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, नेमका तोच मालक करून देत नाही. हा सरळ अन्याय आहे. उलट परवानगी, मुदत आणि हिस्सा कागदावर असला, तर बारा वर्षांच्या दाव्याला जागाच उरत नाही.