मिठाला पाणी सुटतं तेव्हा

पावसाळा लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं. जाडं मीठ असेल तर बरणीच्या तळाशी खारं पाणी साचतं. कोकणात हे कुणाला नवीन नाही. पण हीच गोष्ट पडवीत गोणपाटाखाली ठेवलेल्या होडीच्या मोटारीच्या पोटातही चालू असते, फक्त ती दिसत नाही.

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि मागच्या फळीवर आवळलेली छोटी आउटबोर्ड मोटार सुटून घरी येते. अडीच हॉर्सपॉवरची मोटार साधारण 17 किलोची, एकट्याला खांद्यावरून आणता येते. मग नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. समुद्रात राबून होणार नाही एवढं नुकसान या दोन-अडीच महिन्यांत होऊ शकतं.

बहुतेक छोट्या मोटारी समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मोटार थांबली की आतल्या अरुंद वाटांमध्ये थोडं पाणी उरतं. ते उडून जातं आणि मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेत पाणी धरतं. कोकणातल्या पावसाळी हवेत ते वाळणार कधी? मोटार घरात आली तरी समुद्र तिच्या आतच असतो.

त्यात मोटारीचं अंग ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट, दांडा स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे तयार बॅटरीच. या बॅटरीत ॲल्युमिनियम झिजतं. उपाय जुना आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. (तांबं विरघळेना, म्हणून त्यावर शिंपले-शेवाळ मात्र जोमाने वाढलं.) मोटारीच्या पायाजवळ, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाजवळ, जस्ताचा तसाच एक तुकडा असतो. तो निम्म्यावर आला की बदलायचा आणि त्याला कधीही रंग लावायचा नाही. रंग लागला की त्याचं काम थांबलं.

मीठ काढायचं ते गोड्या पाण्याने, आणि वरून बादली ओतून नव्हे. उघड्या अंगणात पिंप भरावं, मोटार फळीला नीट आवळून पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकी पाण्यात सोडावी आणि गिअर न टाकता दहा-पंधरा मिनिटं चालवावी. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, असलेल्या मोटारीत घाई करून लवकर बंद करणं नडतं. इंजिन तापल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही, आणि तो उघडल्याशिवाय त्याच्या पलीकडचं मीठ धुतलं जात नाही. मागच्या भोकातून पाण्याची धार येते का, तेही बघावं. पाण्याविना मोटार काही सेकंदही चालवू नये. आतल्या पंपाचं रबरी चाक पाण्यावरच फिरतं, कोरडं फिरलं की पाती जळतात.

पेट्रोलचं प्रकरण वेगळं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलही दमट हवेतलं पाणी धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं, वर नुसतं पेट्रोल तरंगतं. उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून चिकट राळ होते आणि कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसते. म्हणून टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरचा तळाचा स्क्रू उघडून तोही निथळू द्यावा. रिकाम्या टाकीतही वाफ असते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. चूल किंवा समई पेटते त्या खोलीत मोटार नकोच.

ठेवायची कशी, हे आम्ही एक मोटार बिघडवून शिकलो. ओली मोटार आडवी टाकली, पंखा पोत्यावर, डोकं जमिनीकडे. श्रावणात दोरी ओढली तर हलेना. प्लग काढला तसं भोकातून तांबूस पाणी ओघळलं. पायात उरलेलं पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरलं होतं. तेव्हापासून मोटार आधी उभी ठेवून पूर्ण निथळते आणि शक्यतो उभीच राहते. आडवी ठेवावी लागलीच तर डोकं पंख्यापेक्षा वर, आणि फोरस्ट्रोक (वेगळं इंजिन ऑइल असलेली) असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जातं. प्लगच्या भोकात चमचाभर तेल सोडून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढली की सिलिंडरवर तेलाचा पातळ थर बसतो.

पंखा काढून त्यामागे नायलॉनचा धागा गुंडाळलाय का तेही बघावं. तो सील कापतो. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे, तेव्हा ते लगेच बदलावं.

नारळी पौर्णिमेला मोटार काढाल तेव्हा दोरीला हात घालण्याआधी धारेच्या भोकात बारीक तार फिरवा. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला ते भोक फार आवडतं.