फायब्रिलिन-१

फायब्रिलिन-१ हे मानवी संयोजी ऊतकातील (अवयवांना आधार देणाऱ्या व जोडणाऱ्या ऊतकातील) सुमारे ३५० किलोडाल्टन रेणुभाराचे ग्लायकोप्रथिन (शर्करा जोडलेले प्रथिन) असून त्याचे वर्णन १९८६ मध्ये झाले. पेशीबाहेर आल्यावर त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन सूक्ष्मतंतू बनतात. त्वचा, फुप्फुसे आणि महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) भित्ती यांत या सूक्ष्मतंतूंच्या आधाराने इलास्टिन हे ताणले जाणारे प्रथिन साठते व लवचीक तंतू घडतात. डोळ्यातील भिंग जागेवर धरून ठेवणारे धागे मात्र इलास्टिनविना, मुख्यतः फायब्रिलिनचेच असतात.

या प्रथिनाचे एफबीएन१ हे जनुक पंधराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर आहे. त्यावरून प्रथम २,८७१ ॲमिनो आम्लांची शृंखला तयार होते आणि तिच्या टोकाचा तुकडा छाटला जातो. हा तुकडाही निरुपयोगी नसावा, कारण २०१६ मध्ये यकृतातून ग्लुकोज मुक्त करणारे ॲस्प्रोसिन हे संप्रेरक म्हणून त्याचे वर्णन करण्यात आले.

या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे (बदलांमुळे) होणारा सर्वपरिचित विकार म्हणजे मार्फन संलक्षण (सिंड्रोम). पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी १८९६ मध्ये लांब, सडपातळ हातपाय असलेल्या एका मुलीचे वर्णन केले (तिला बहुधा दुसराच, एफबीएन२ जनुकाशी निगडित विकार असावा, असे आज अनेकांना वाटते); एफबीएन१शी या संलक्षणाचा संबंध १९९१ मध्ये सिद्ध झाला. अंदाजे ५,००० व्यक्तींमागे एकीस ते आढळते. आनुवंशिकता प्रभावी असल्याने, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत विकारास पुरेशी असल्याने, बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास ५० टक्के धोका असतो, तथापि सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत उत्परिवर्तन नव्यानेच उद्भवलेले असते. उंच बांधा, लांब बोटे, पाठीच्या कण्याची वक्रता आणि भिंगाचे सरकणे ही लक्षणे नजरेत भरतात. जिवावर बेतते ते मात्र महारोहिणीचे मूळ रुंदावत जाऊन तिची भित्ती विदीर्ण होणे.

फायब्रिलिनला केवळ आधाराचा सांगाडा मानले, तर एकाच जनुकातील बिघाडाने काही रुग्ण असामान्य उंच, तर वाइल-मार्केसानी संलक्षण व ॲक्रोमिक्रिक डिसप्लेझिया या विकारांचे रुग्ण ठेंगणे व आखूड बोटांचे का होतात, हे उलगडत नाही. सूक्ष्मतंतू टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाला निष्क्रिय अवस्थेत बांधून ठेवतात आणि त्याच्या संदेशवहनातील बिघाड मार्फन संलक्षणात महत्त्वाचा ठरतो, हे उंदरांवरील प्रयोगांतून दिसल्यावर या प्रथिनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. लोसार्टान हे रक्तदाबावरील औषध या विकारात वापरण्याची कल्पना त्याच प्रयोगांतून पुढे आली. उपचारांत ते किंवा बीटा-रोधके (हृदयाचे ठोके व रक्तदाब कमी करणारी औषधे) दिली जातात, प्रतिध्वनी हृदयालेखाने (इकोकार्डिओग्राफीने) महारोहिणीचा व्यास नियमित मोजला जातो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास, भित्ती फाटण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रियेने तो भाग बदलला जातो.