हातापायाचा त्वचेचा कॅन्सर पसरलाय? आधी योजनेत नोंद, मग ऑपरेशन

तळपायावरचा काळा डाग वाढत गेला आणि जांघेत गाठ हाताला लागली, तर आजार जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड्स) पोचलेला असू शकतो. तो तेवढ्याच भागात असेल तर उपचारही त्याच भागाचे होतात. गाठींसकट ऑपरेशन, गरजेप्रमाणे रेडिएशन. ऑपरेशनने काढता न येणाऱ्या, पायभर पसरलेल्या मेलॅनोमासाठी (काळ्या डागातून वाढणारा हाच त्वचेचा कॅन्सर) पायाचा रक्तप्रवाह तात्पुरता वेगळा करून त्यात मेलफॅलन हे केमोथेरपीचं औषध सोडतात. पण हे मोजक्याच केंद्रांत होतं.

खर्चासाठी पहिलं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. पिवळं, केशरी कार्डवाले पात्र आहेतच. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डवालेही आले. मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर सातबाऱ्यावर आधीपासूनच लाभ होता.

रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडे, जा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडेल. धाराशिवकरांना बार्शीचं कॅन्सर रुग्णालय सोयीचं. गाडी अडते ती नावापाशी. रेशनकार्डावर ‘बाबू’, आधारवर ‘बाबुराव’, किंवा सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही. हे तहसीलमधून आधीच नीट करून घ्या, फक्त त्यापायी बायोप्सी लांबवू नका.

डॉक्टरांकडून उपचाराचं नेमकं नाव कागदावर लिहून घ्या आणि ‘हे पॅकेजमध्ये (योजनेने ठरवून दिलेल्या उपचारांत) बसतं का?’ असं आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी उपचाराआधी लागते. खिशातून भरलेले पैसे योजना नंतर परत देत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात.

पॅकेजमध्ये बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. वार्षिक उत्पन्न १.६० लाखांपर्यंतचा तहसीलदारांचा दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जनने प्रमाणित केलेलं), रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड लागतं. रुग्णालय निधीच्या यादीत हवं, आणि अर्ज डिस्चार्जच्या आधीच करायचा.

मुंबईला टाटात पाठवलं तर रेल्वेची सवलत सोडू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकालाही ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढायच्या आधीच मागून घ्या.