नवोन्मेष आणि डिसरप्शन

उद्योग आणि तंत्रज्ञानाच्या चर्चेत एका दमात घेतल्या जाणाऱ्या, पण अर्थाने निराळ्या दोन संज्ञा. नवी वस्तू, नवी प्रक्रिया किंवा विक्रीची नवी तऱ्हा बाजारात रुजवणे म्हणजे नवोन्मेष, बोलण्यात इनोव्हेशन. डिसरप्शन हे मात्र बाजारातल्या एका विशिष्ट घडामोडीचे नाव आहे. प्रस्थापितांनी सोडून दिलेल्या ग्राहकाकडे आधी साधीसुधी, स्वस्त वस्तू पोचते. ती सुधारत वर चढते आणि अखेर प्रस्थापितांचे हक्काचे गिऱ्हाईक पळवते. या संज्ञेला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘व्यत्यय’ म्हटले की लोकल खोळंबल्याचा भास होतो. ‘उलथापालथ’ त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात अचानकपणा आहे आणि ही क्रिया बहुधा सावकाश चालते.

नवोन्मेषाचा अर्थशास्त्रीय विचार अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर यांच्याकडे जातो. 1942 मध्ये त्यांनी ‘सर्जक विध्वंस’, म्हणजे नवे येताना जुने मोडत जाते, ही कल्पना रूढ केली. डिसरप्शनची मांडणी हार्वर्ड बिझनेस स्कूलचे क्लेटन क्रिस्टेन्सन यांची. जोसेफ बावर यांच्यासोबतचा त्यांचा लेख 1995 चा, आणि सविस्तर ग्रंथ 1997 चा. त्यांनी हार्ड डिस्क उद्योग तपासला. 14 इंची डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना 8 इंची डिस्क बनवणे अवघड नव्हते. त्यांच्या मोठ्या संगणकवाल्या ग्राहकांना कमी साठवणुकीची ती डिस्क नकोच होती. लहान संगणकांच्या निर्मात्यांना ती हवी होती, आणि तिथूनच ती सुधारत वर चढली. म्हणजे कंपन्या बुडाल्या त्या ग्राहकाचे ऐकून, हा या सिद्धांतातला खरा चटका.

भारतात याचे ठळक उदाहरण निरमा. करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या सेवेतले रसायनतज्ज्ञ. 1969 च्या सुमारास ते अहमदाबादेत घरच्या घरी पिवळी पावडर बनवून सायकलवरून विकू लागले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते. सोड्याचे प्रमाण इतके, की हाताला चरचरे. पण हिंदुस्थान लिव्हरच्या निळ्या सर्फपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती आणि तिचे गिऱ्हाईक सर्फ वापरणारे नव्हतेच, ते साबणाच्या वडीने कपडे धुणारे होते. त्यामुळे लिव्हरला सुरुवातीला काही गमावल्यासारखे वाटले नाही. 1980 च्या दशकात निरमा खपात पुढे गेल्यावर मात्र सर्फच्या जाहिरातीतल्या चोखंदळ गृहिणीला, ललिताजींना, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक समजावावा लागला. आणि त्याने भागले नाही म्हणून व्हील ही वेगळी स्वस्त पावडर काढावी लागली. मराठी घरांत तोवर कुठल्याही पावडरीला ‘निरमा’च म्हणू लागले होते.

तरीही क्रिस्टेन्सनची कसोटी काटेकोर लावली तर निरमाची चढण अर्धीच राहते. सुपर निरमा काढूनही वरचा थर तिला जिंकता आला नाही. डाग काढण्याच्या सुधारणा करत सर्फ एक्सेल तिथे टिकला. सर्फचे हे काम नवोन्मेषच, पण जुन्याच ग्राहकाला अधिक चांगला माल देणारा.

उलट बाजूने पाहायचे तर सुरुवातीच्या मोटारी मोठा नवोन्मेष होत्या, पण श्रीमंतांची चैन असल्याने घोडागाडीचा धंदा त्यांनी मोडला नाही. ते काम 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या स्वस्त ‘मॉडेल टी’ने केले.

पुढे डिसरप्शन हा शब्द इतका स्वस्त झाला की प्रत्येक नव्या ॲपला तो चिकटवला जाऊ लागला. उबर या व्याख्येत बसत नाही, असे 2015 मध्ये खुद्द क्रिस्टेन्सन यांनी सहलेखकांसह लिहिले, कारण तिने सुरुवात टॅक्सी नेहमी वापरणाऱ्यांपासूनच केली. त्याआधी, 2014 मध्ये, इतिहासकार जिल लेपोर यांनी सिद्धांतामागची उदाहरणे सोयीने निवडलेली आहेत, अशी टीका केली होती. भाकितासाठी तो कितपत उपयोगी, हा प्रश्नही उरतोच. आयफोन यशस्वी होणार नाही, असे क्रिस्टेन्सन 2007 मध्ये म्हणाले होते. ते त्याची तुलना नोकियाच्या फोनशी करत होते. त्याने खरा धक्का दिला तो लॅपटॉपला, हे त्यांना नंतर मान्य करावे लागले.