मूत्राशय चाचणीतील वेदना : अपेक्षित आणि प्रत्यक्ष

स्त्रियांच्या मूत्राशयाच्या कार्याची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक चाचणी, होण्यापूर्वी वाटणारी दुखण्याची धास्ती आणि चाचणीत खरोखर झालेला त्रास यांत तफावत असते. ती मोजण्याची रीत साधी आहे. ० ते १० च्या पट्टीवर आधी ‘किती दुखेल असे वाटते?’ आणि नंतर ‘किती दुखले?’ असे विचारतात. सरासरीने पाहता दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी भरतो.

खोकताना लघवी गळणे, अनावर घाई किंवा लघवी तुंबणे यांचे कारण शोधायला ही चाचणी करतात. सुमारे २ मिमी जाडीची नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात सरकवतात आणि दुसरी, पोटातला दाब मोजण्यासाठी, गुदद्वारात किंवा योनीमार्गात ठेवतात. मूत्राशयातल्या दाबातून पोटातला दाब वजा केला की मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब कळतो. मग मूत्राशयात सलाईन हळूहळू भरत जातात. लघवीची पहिली जाणीव केव्हा झाली, आता धरवत नाही असे केव्हा वाटले, हे रुग्णेनेच सांगायचे असते; म्हणून गुंगी देऊन चालत नाही.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी असल्याने नळी जाताना होणारी जळजळ सहसा थोडाच वेळ टिकते. भरताना जाणवतो तो मुख्यतः ताण. नंतर एक-दोन दिवस लघवीला आग होऊ शकते. ती वाढली किंवा ताप आला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते.

धास्ती मोठी का असते? बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेल्या नळीची आठवण असते, ऐकीव गोष्टी असतात. शिवाय परक्या माणसांसमोर, नळ्या लावलेल्या अवस्थेत लघवी करायची असते. अनेकींना दुखण्यापेक्षा हा संकोचच जड जातो, पण वेदनेच्या पट्टीवर लाजेला वेगळा रकाना नसतो. आधीच्या आकड्यात ती बेमालूम मिसळलेली असू शकते.

सरासरी मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. मूत्राशयाच्या दीर्घकालीन वेदनेचा विकार असलेल्या स्त्रीला भरण्याचा टप्पा खरोखरच असह्य होऊ शकतो. तिला ‘काही दुखत नाही हो’ म्हणणे चुकीचेच. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर चाचणी पुढे ढकलतात. सलाईनचा वेग कमी करता येतो, भरणे मध्येच थांबवताही येते, आणि हे तिला नळी घालण्याआधीच सांगायला हवे.