दुरुस्ती-तक्रारींची नोंद (भाड्याच्या घरांचे व्यवस्थापन)

दुरुस्ती-तक्रारींची नोंद : भाडेकरूने सांगितलेली दुरुस्ती केव्हा कळली, कोणाकडे सोपवली, केव्हा पूर्ण झाली आणि तीच अडचण पुन्हा आली का, हे तारीखवार लिहून ठेवून त्यावरून व्यवस्थापनाचा कारभार जोखण्याची पद्धत.

पुण्यात हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडी, विमाननगर या भागांत आयटी कर्मचारी आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने भाड्याने राहतात. घरमालक पुष्कळदा परगावी किंवा परदेशी असतो आणि घर एजंटाच्या भरवशावर असते. अशा मालकाला घराची खरी स्थिती या नोंदीतूनच कळू शकते. तक्रार मात्र अनेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ‘प्लंबरला सांगितलंय’ असे उत्तर जाते आणि पुढच्या संदेशांखाली ती दबून जाते.

नोंदीतून पहिल्या प्रतिसादाला लागलेला वेळ, दुरुस्ती पुरी होण्याचा काळ, एकाच फेरीत सुटलेल्या तक्रारींचे प्रमाण आणि प्रलंबित तक्रारींचे वय काढता येते. काळ मोजताना सरासरी फसवते. पाच तक्रारी १, १, २, २ आणि २४ दिवसांत सुटल्या, तर सरासरी ६ दिवस येते आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २ दिवस. यांतला कोणताही आकडा २४ दिवस थांबलेल्या कुटुंबाचे हाल सांगत नाही. म्हणून सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार वेगळी दाखवावी लागते.

तक्रारींची नुसती संख्या हे सर्वांत दुबळे माप होय. तक्रारी कमी आल्या म्हणजे घर उत्तम आहे असे नाही. सांगून उपयोग होत नाही हे कळल्यावर भाडेकरू सांगणेच सोडतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार इथेही लागू पडतो : माप हेच उद्दिष्ट झाले की त्याची विश्वासार्हता जाते. ‘४८ तासांत निकाली’ हे लक्ष्य दिले की नळ गळत असतानाही तक्रार बंद केली जाते. त्यामुळे ती बंद करण्याचा अधिकार भाडेकरूकडे असावा आणि महिन्याभरात परतलेली तक्रार नवी न धरता जुनीच उघडी मानावी.

या पद्धतीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होते. छताला ओल आली की ती गच्चीतून आली, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून की बाहेरच्या पाइपातून, हे आधी शोधावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) गच्चीची व सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची त्या सभासदाने. वॉटरप्रूफिंग भर पावसात नीट होत नाही. म्हणून ‘पाहणी झाली’, ‘सोसायटीकडे अर्ज दिला’, ‘उघडीप मिळेपर्यंत स्थगित’ असे टप्पे वेगळे लिहावेत. ते नसतील तर मालक, सोसायटी आणि एजंट यांपैकी कोणामुळे वेळ गेला हे उमगत नाही आणि दोष निष्कारण एकट्या प्लंबरवर येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षभरात मात्र ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. नोटिशीची तारीख इथे निर्णायक ठरते. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या करारावर, राहणाऱ्याचे स्थान भाडेकरूपेक्षा वेगळे असल्याने कोणती दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची हे करारातच लिहिणे आवश्यक आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातील विभागणी त्यासाठी चांगला आधार देते : रंगरंगोटी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, गिझर, स्विच आणि कुलपे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही.

घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात, तेव्हा भिंतीची ओल जुलैमध्येच फोटोसह कळवली होती हे दाखवायला हीच नोंद उपयोगी पडते.