धपाट्याने नेमकं काय कळतं?

‘एक धपाटा घाला, बरोबर कळेल!’ शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी आहे. घरात मात्र हा समज टिकून आहे. धपाट्याने कळतं एवढंच, की आई बघत असताना भिंतीवर रेघोट्या ओढायच्या नाहीत.

लहान मूल बहुधा नुकसान मोजतं, हेतू नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये हेच दाखवलं: चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा लहानग्यांना जास्त वाईट वाटतो, चोरून जॅम काढताना एकच कप फोडणारा कमी. हा फरक बोलूनच उलगडावा लागतो, तोही तिथल्या तिथे. “ताईचा मनोरा तू मुद्दाम पाडलास, ती रडतेय. आता काय करूया?” मग दोघं पुन्हा रचायला बसतात. निम्मे ठोकळे सोफ्याखाली गेलेले असतात, ते अर्थात आपणच काढायचे.